न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) शिकायचे आहे? सांगली-साताऱ्यातील विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सांगली किंवा सातारा जिल्ह्यातील एखाद्या पोलीस ठाण्यात संशयास्पद मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होते आणि राखून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे शरीरातील अवयवांचे नमुने, मोहोरबंद बरण्यांतून प्रयोगशाळेकडे रवाना होतो. काही काळाने तेथून जो अहवाल येतो, त्याला कोर्टात वकील आणि कारकून आजही 'सी.ए. रिपोर्ट' (केमिकल ॲनालायझरचा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात. हा अहवाल लिहिणारी व्यक्ती घटनास्थळी धावत जात नाही, आरोपीची चौकशी करीत नाही आणि बहुतेक वेळा त्या माणसाचे नावही तिला पूर्वी ठाऊक नसते. ती दिवसभर प्रयोगशाळेत नमुन्यांवर काम करते, प्रत्येक कृतीची नोंद ठेवते आणि बोलावणे आले, तर त्या नोंदींच्या आधारे न्यायाधीशांपुढे उभी राहून उत्तरे देते. बारावीनंतर न्यायसहायक विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी हे चित्र आधी नीट समजून घ्यावे, कारण दूरचित्रवाणीवरील मालिकांमुळे तयार झालेली कल्पना घेऊन प्रवेश घेणारे विद्यार्थी दुसऱ्या वर्षापर्यंत निराश होतात आणि ज्यांना प्रयोगशाळेतील शांत, काटेकोर काम मनापासून आवडले असते, ते मात्र या विषयाची माहितीच नसल्यामुळे त्याकडे वळत नाहीत.

या लेखात अकरावीच्या विषयनिवडीपासून नोकरीच्या जाहिरातीपर्यंतचा क्रम मांडला आहे. जेथे दोन वाटा आहेत, तेथे कोणती वाट मला अधिक भरवशाची वाटते आणि का, हेही स्पष्ट लिहिले आहे.

पहिली पायरी : कोणते काम कोण करते, हे ओळखणे

शवविच्छेदन हे डॉक्टरांचे काम आहे. त्यासाठी एम.बी.बी.एस. करून पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. करावे लागते आणि ती वाट नीटमधून, म्हणजे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतून जाते. ज्याला मृतदेहाची तपासणी करून मृत्यूचे कारण ठरवायचे आहे, त्याला बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ते साध्य होणार नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की त्याचे निरसन सर्वांत आधी करणे आवश्यक आहे. बोटांच्या ठशांचे काम महाराष्ट्रात गुन्हे अन्वेषण विभागाच्या अंगुलीमुद्रा यंत्रणेकडे असून तेथील तज्ज्ञ पोलीस खात्याच्या चौकटीत काम करतात. बाकीचे बहुतांश वैज्ञानिक काम गृह विभागाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे आहे. त्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे असून प्रादेशिक प्रयोगशाळांपैकी कोल्हापूर आणि पुणे या दोन आपल्या भागाला जवळच्या आहेत. केंद्र सरकारची न्यायसहायक प्रयोगशाळाही पुण्यात आहे.

या प्रयोगशाळांतील विभाग पाहिले, म्हणजे कोणता विषय कोठे लागतो, हे आपोआप उलगडते. विषशास्त्र विभागात व्हिसेऱ्यातील विष शोधले जाते. जीवशास्त्र व रक्तजल (सेरॉलॉजी) विभागात रक्त, वीर्य, केस यांची ओळख पटवली जाते. डीएनए विभाग वेगळा असतो. दारूबंदी विभागात मद्याचे आणि वाहनचालकांच्या रक्तातील अल्कोहोलचे पृथक्करण होते. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले, तर गुन्हा ठरतो, त्यामुळे येथे दशांश चिन्हानंतरचा आकडाही एखाद्याचे भवितव्य ठरवू शकतो. याशिवाय शस्त्रास्त्रे, भौतिकशास्त्र, सायबर, आवाजाची ओळख आणि मानसशास्त्र असे विभाग आहेत. या यादीतील मोठा भाग रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांवर उभा आहे, ही गोष्ट पुढच्या सर्व निर्णयांसाठी लक्षात ठेवावी.

आपल्या भागापुरते बोलायचे, तर विषशास्त्राचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तासगाव-मिरजेकडची द्राक्षबाग असो, वाळव्या-कराडकडचा ऊस असो, की घरातील धान्याची साठवण असो, कीटकनाशके घराघरांत असतात. त्यामुळे सेंद्रिय फॉस्फरस संयुगे आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइड ही नावे विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकात भेटण्याआधीच ओळखीची झालेली असतात.

दुसरी पायरी : अकरावी-बारावी

विज्ञान शाखा आवश्यक आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावेच. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेणे शक्य असेल, तर दोन्ही घ्यावेत. केवळ गणित घेतल्यास डीएनए आणि रक्तजलाच्या अभ्यासात सुरुवातीला अडखळायला होते, तर केवळ जीवशास्त्र घेतल्यास सांख्यिकी आणि सायबरमध्ये. काही संस्थांच्या पात्रतेच्या अटींत विशिष्ट विषयगट मागितलेला असतो, म्हणून दोन्ही विषय असले, की एकही दार बंद होत नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकांकडे मार्क मिळवून देणारा सोपा भाग म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने अनुमापन (टायट्रेशन) आणि क्षारांचे विश्लेषण स्वतःच्या हाताने आणि आकडे न फिरवता करावे.

तिसरी पायरी : पदवीच्या दोन वाटा

पहिली वाट म्हणजे थेट न्यायसहायक विज्ञानात बी.एस्सी. किंवा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. दुसरी वाट म्हणजे रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी एका मूळ विषयात पदवी घेऊन एम.एस्सी.ला न्यायसहायक विज्ञानाकडे वळणे.

राज्यात नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत पदवी पातळीपासून हा विषय शिकवला जातो आणि मुंबईतही अशी शासकीय संस्था आहे. देशपातळीवर गांधीनगरला मुख्यालय असलेले राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. २००९ च्या सुमारास गुजरात राज्याचे विद्यापीठ म्हणून ते उभे राहिले आणि २०२० च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. त्याची केंद्रे अनेक राज्यांत आहेत. सांगलीकरांसाठी त्यांपैकी धारवाड आणि गोवा ही दोन विशेष सोयीची आहेत, कारण मिरज जंक्शनवरून दोन्ही दिशांना रेल्वे जाते. सातारकरांना अंतर थोडे वाढते, तरी गांधीनगर किंवा दिल्लीपेक्षा ही केंद्रे कितीतरी जवळची आहेत. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ साली सुरू झाला. देशातील या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाची सुरुवात तेथून मानली जाते.

राष्ट्रीय विद्यापीठात किंवा शासकीय संस्थेत प्रवेश मिळत असेल आणि घरची आर्थिक स्थिती झेपणारी असेल, तर पहिली वाट निःशंकपणे घ्यावी. तो प्रवेश मिळाला नाही, तर केवळ पदवीच्या नावात 'फॉरेन्सिक' हा शब्द आहे म्हणून कोणत्याही महागड्या खासगी संस्थेत जाण्यापेक्षा सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय किंवा साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांसारख्या जुन्या, प्रयोगशाळेची परंपरा असलेल्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची चांगली पदवी घ्यावी आणि नंतर एम.एस्सी.ला वळावे, असे माझे ठाम मत आहे. याची दोन कारणे आहेत. शासकीय प्रयोगशाळांच्या भरतीत रसायनशास्त्राच्या पदवीला आजही मोठे स्थान आहे. दुसरे असे, की शासकीय पदांची संख्या मर्यादित असून जाहिराती नियमित येत नाहीत. त्या मधल्या काळात रसायनशास्त्राच्या पदवीधराला औषध कंपन्या, अन्नतपासणी आणि कीटकनाशक अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळा यांत काम मिळू शकते. निर्यातीच्या द्राक्षांतील आणि बेदाण्यातील कीटकनाशकांचे अवशेष ज्या गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखणाऱ्या) उपकरणांवर मोजले जातात, त्याच तत्त्वावरची उपकरणे व्हिसेऱ्यातील विष शोधतात. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अवशेष तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. अशा कामात दोन वर्षे हात बसलेला उमेदवार विषशास्त्र विभागात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

चौथी पायरी : संस्था पारखणे

माहितीपत्रकावरील छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नये. प्रवेशापूर्वी पालकांसह संस्थेत एक दिवस जावे आणि पुढील गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. संबंधित विद्यापीठ हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) यादीत आहे का आणि हा विशिष्ट अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, हे कागदावर तपासावे. प्रयोगशाळेत तुलनात्मक सूक्ष्मदर्शक, अतिनील-दृश्य वर्णपटमापक, पातळ थर क्रोमॅटोग्राफीची व्यवस्था, डीएनएच्या प्रती वाढवणारे पीसीआर यंत्र आणि डीएनएचे तुकडे वेगळे करणारे जेल इलेक्ट्रोफोरेसिस आहे का, हे पाहावे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या उपकरणांजवळची वापरनोंद वही उघडून पाहण्याची विनंती करावी. शेवटची नोंद कित्येक महिन्यांपूर्वीची असेल, तर ते उपकरण विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे नाही, हे समजावे. शिकवणाऱ्यांपैकी किती जण पूर्णवेळ आहेत आणि त्यांपैकी कोणी प्रत्यक्ष न्यायसहायक प्रयोगशाळेत काम केले आहे का, हे विचारावे. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून एका प्रात्यक्षिकाला एका टेबलावर किती जण असतात आणि गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप कोठे मिळाली, एवढेच विचारावे. त्या दोन उत्तरांतून संस्थेची खरी स्थिती कळते. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असे सांगणाऱ्या संस्थेकडून मागील वर्षी नोकरी लागलेल्यांची पदनामे लेखी मागावीत.

पाचवी पायरी : प्रवेश आणि कागदपत्रे

राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे प्रवेश एनएफएटी या त्यांच्या स्वतंत्र परीक्षेतून होतात, तर अनेक केंद्रीय विद्यापीठे सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण धरतात. या परीक्षांचे अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच मागवले जातात आणि आपल्याकडचे बरेच विद्यार्थी निकालाची वाट पाहण्यात ही मुदत गमावतात. म्हणून बारावीच्या डिसेंबरपासून दर आठवड्याला त्या त्या संकेतस्थळावर नजर ठेवावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांसाठीचे अर्ज अकरावीतच करावेत. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालत नाही. राज्यातील संस्थांच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा आणि बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री त्याआधी करून घ्यावी.

सहावी पायरी : पहिल्या वर्षापासून नोंदवही

या विषयात सर्वांत आधी जी सवय लागायला हवी, ती नोंदीची. इतर शाखांत जर्नल हे गुणांसाठी वर्षाच्या शेवटी पूर्ण केले जाते आणि पुष्कळदा मित्राच्या वहीतून उतरवलेही जाते. न्यायसहायक विज्ञानात नोंदवही हाच कामाचा गाभा आहे, कारण चार वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारतात तेव्हा स्मरणशक्ती कामाला येत नाही, समोरचे पान येते. म्हणून पहिल्या प्रात्यक्षिकापासून शिवलेली, पानांना क्रमांक असलेली वही वापरावी. सुटे कागद, पेन्सिल आणि पांढरी शाई टाळावी. चुकलेला आकडा एका रेघेने असा खोडावा, की तो वाचता येईल, आणि बाजूला तारीख व आद्याक्षरे लिहावीत. वेळ, तापमान, रसायनाच्या बाटलीवरील बॅच क्रमांक आणि उपकरणाने दाखवलेला मूळ आकडा एककासह लिहावा. प्रयोग बिघडला, तर तेही लिहावे.

नोंद ठेवण्याची ही शिस्त आणि प्रयोग समजणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे रक्ताच्या प्राथमिक चाचणीवरून चांगले कळते. कॅसल-मायर चाचणीत रंगहीन केलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब संशयित डाग टिपलेल्या कापसावर टाकतात, नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात आणि काही सेकंदांत गुलाबी रंग आला, तर रक्त असण्याची शक्यता नोंदवतात. पेरॉक्साइड टाकण्यापूर्वीच रंग आला, तर डागात दुसरे एखादे ऑक्सिडीकारक द्रव्य आहे, असा अर्थ होतो. मुळा किंवा बटाटा यांसारख्या भाज्यांतील विकरांमुळेही (एन्झाइम) गुलाबी रंग येऊ शकतो. पुष्कळ वेळ ठेवल्यास हवेमुळेही रंग चढतो. म्हणून कोणता थेंब आधी टाकला, किती सेकंदांनी रंग आला, त्याच वेळी माहीत असलेल्या रक्तावर आणि कोऱ्या कापसावर हीच चाचणी केली होती का, या तिन्ही नोंदी नसतील, तर 'चाचणी सकारात्मक' या दोन शब्दांना काही किंमत उरत नाही. त्या नोंदी असल्या, तरी 'रक्त असू शकेल' एवढेच म्हणता येते. ते माणसाचे आहे का आणि कोणाचे आहे, यासाठी पुढच्या चाचण्या लागतात. हा फरक ज्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडतो, तो पुढे चांगला विश्लेषक होतो.

नमुना कसा बांधायचा, हेही याच वर्षी पक्के करावे, कारण प्रयोगशाळेत पोचण्यापूर्वीच अनेक पुरावे निरुपयोगी झालेले असतात. रक्ताने भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावे लागतात. ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधले, तर बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. जळिताच्या जागेवरची राख मात्र हवाबंद डब्यात ठेवावी लागते, कारण रॉकेल किंवा पेट्रोलची वाफ कागदातून निघून जाते. विषबाधेतील व्हिसेरा सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मलिनमध्ये ठेवल्यास विषाचे पृथक्करण अवघड होते. प्रत्येक नियमामागचे कारण लिहून ठेवले, की पाठांतराची गरज राहत नाही.

सातवी पायरी : घरी करता येण्यासारखा सराव

महागड्या उपकरणांशिवाय करता येणारा सराव पुष्कळ आहे आणि सुट्टीत गावी आलेल्या विद्यार्थ्याने तो अवश्य करावा. सर्वांत चांगला सराव मातीचा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मातीची विविधता मोठी आहे : महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरील जांभ्याची तांबडी माती, कृष्णाकाठची काळी माती, माण-खटावकडची हलकी मुरमाड माती. सुमारे दहा ठिकाणांहून मूठ-मूठ माती घ्यावी, ठिकाण, तारीख आणि खोली लिहून कागदी पुड्यांत बांधावी. नंतर सावलीत वाळवून, एकाच प्रकाशात, पांढऱ्या कागदावर रंगाची तुलना करावी, चाळणीतून कणांच्या आकाराचे प्रमाण काढावे आणि भिंगातून काडीकचरा व खनिजांचे कण पाहावेत. मग घरातील कोणाला तरी दोन पुड्यांना नवे क्रमांक द्यायला सांगून त्या मूळ ठिकाणांशी जुळवता येतात का, हे पाहावे. एकाच शेतातील बांधाजवळची आणि मधली माती वेगळी दिसते, तर दोन वेगळ्या गावांतील काळी माती अगदी सारखी दिसते, हे प्रत्यक्ष पाहिले, म्हणजे 'जुळते' हा शब्द अहवालात किती जपून लिहायचा, हे कळते. फ्रान्समधील लिऑं येथे १९१० साली पोलीस प्रयोगशाळा सुरू करणारे एडमंड लोकार यांचे तत्त्व, की दोन वस्तूंचा संपर्क झाला, की काही ना काही देवाणघेवाण होतेच, ते या सरावात हाताला जाणवते.

बोटांच्या ठशांसाठी शाईचा पॅड आणि कोरा कागद पुरतो. घरातील माणसांच्या संमतीने दहाही बोटांचे ठसे घ्यावेत, त्यांचे कमान, पाश आणि चक्र असे वर्गीकरण करावे आणि काम झाल्यावर ते कागद नष्ट करावेत, कारण ठसे ही खासगी माहिती आहे. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता आणि १८९७ साली कोलकात्यात जगातील पहिल्या अंगुलीमुद्रा कार्यालयांपैकी एक सुरू झाले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगावी अशी आहे. याखेरीज दोन-तीन कंपन्यांच्या काळ्या पेनांची शाई टिपकागदावर लावून स्पिरिटने रंग वेगळे करावेत, तसेच खोलीचे मोजमाप घेऊन प्रमाणबद्ध रेखाटन करावे. खऱ्या घटनास्थळी मात्र उत्सुकतेपोटी कधीही जाऊ नये आणि कोणाचेही रक्त घेऊन घरी प्रयोग करू नयेत.

आठवी पायरी : सांख्यिकीची भीती घालवणे

अनेक विद्यार्थी हा भाग टाळतात आणि पुढे तोच त्यांना अडवतो. एक उदाहरण घेऊ. समजा, घटनास्थळी सापडलेल्या डागातील एक गुणधर्म दर १०,००० माणसांत एकाला असतो आणि तो संशयितातही आढळला. 'म्हणजे तो निर्दोष असण्याची शक्यता दहा हजारांत एक' असे कोणी म्हणाले, तर ते चूक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २८ लाख २२ हजार होती. तेव्हा हा गुणधर्म असलेली माणसे एकट्या सांगली जिल्ह्यात सुमारे २८० निघतील. संशयित त्यांच्यापैकी एक आहे, एवढेच त्या चाचणीने सांगितले. तोच गुन्हेगार आहे, हे ठरवायला इतर पुरावा लागतो. डीएनएच्या अनेक स्थानांची तपासणी एकत्र केली, की ही संख्या अतिशय लहान होते, पण तर्क तोच राहतो. म्हणून संभाव्यता, सशर्त संभाव्यता, मोजमापातील अनिश्चितता आणि प्रमाण विचलन हे विषय अभ्यासक्रमात असोत वा नसोत, स्वतंत्रपणे शिकावेत.

तज्ज्ञांच्या चुका कशा होतात, हेही अभ्यासावे. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे बाँबस्फोटांनंतर एका पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगनमधील वकील ब्रँडन मेफील्ड यांचा असल्याचे सांगितले आणि त्यांना ताब्यात घेतले. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवल्यावर त्यांना सोडून द्यावे लागले आणि एफबीआयने माफी मागितली. पहिल्या तपासनिसाचा निष्कर्ष ठाऊक असलेल्यांनीच पडताळणी केली होती. प्रयोगशाळेत दुसऱ्याने पडताळणी करताना पहिल्याचे उत्तर त्याला का सांगू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

नववी पायरी : कायदा आणि कोर्टाची मराठी

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. याच संहितेच्या कलम ३२९ मध्ये शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञांचे अहवाल पुराव्यात कसे वाचले जातात, हे दिले आहे. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ तज्ज्ञांच्या मताविषयी आणि कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयी आहे. जुन्या पुस्तकांत या तिन्ही कलमांचे त्याच क्रमाने २९३, ४५ आणि ६५-ब हे जुने क्रमांक असतील. दोन्ही क्रमांक शेजारी लिहून ठेवावेत, कारण जुन्या गुन्ह्यांचे खटले अजून पुष्कळ वर्षे चालणार आहेत. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी खटल्यातील निर्णयही मुळातून वाचावा.

अभ्यासक्रम इंग्रजीतून असला, तरी महाराष्ट्रात पंचनामा, जप्ती आणि तालुका न्यायालयातील साक्ष मराठीतून होते. तपासी अंमलदाराने लिहिलेला पंचनामा वाचून त्यातील मुद्देमालाचे वर्णन आणि प्रयोगशाळेत आलेल्या पुडक्याचे वर्णन जुळते का, हे पाहणे विश्लेषकाच्या कामाचा भाग आहे. यासाठी सांगली, सातारा, कराड किंवा ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) येथील न्यायालयात सुट्टीच्या काळात जाऊन खुल्या सुनावणीत मागे शांत बसावे. फौजदारी खटल्यांची सुनावणी सामान्यतः सर्वांसाठी खुली असते. तज्ज्ञ साक्षीदाराची उलटतपासणी ऐकायला मिळाली, तर वर्गातील अनेक तासांपेक्षा अधिक शिकता येते. 'मुद्देमालावरील मोहोर अखंड होती का?' हा प्रश्न वकील किती वेळा विचारतात, हे त्या बाकावर बसल्यावरच लक्षात येते.

दहावी पायरी : इंटर्नशिप

शासकीय प्रयोगशाळांत प्रशिक्षणाच्या जागा थोड्या असतात. पत्र नेहमी महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांमार्फत, विद्यार्थ्याची माहिती आणि अपेक्षित कालावधी लिहून, किमान चार-पाच महिने आधी द्यावे. जागा मिळाली नाही, तर वर्ष वाया गेले असे समजू नये. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या अन्न, पाणी किंवा कीटकनाशक अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळेत सहा आठवडे काम केल्यास नमुना स्वीकारणे, सांकेतिक क्रमांक देणे, उपकरणाचे प्रमाणीकरण आणि अहवालावर दोन सह्या का लागतात, हे सर्व शिकता येते. न्यायसहायक प्रयोगशाळाही त्याच आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत काम करण्याचा प्रयत्न करतात.

मनाच्या तयारीविषयी येथे एक गोष्ट सांगतो. लहान मुलांवरील अत्याचाराच्या प्रकरणांतील कपडे आणि छायाचित्रे हाताळावी लागतात. त्याचा त्रास होणे स्वाभाविक आहे आणि तो वरिष्ठांना किंवा समुपदेशकांना वेळेवर सांगावा. मुलींना या क्षेत्रात पाठवावे का, असा प्रश्न पालक अजूनही विचारतात. प्रयोगशाळेतील कामात मुलगा-मुलगी असा कोणताही फरक नाही आणि मुलींनी निःशंकपणे यावे.

अकरावी पायरी : एम.एस्सी. आणि नोकरी

एम.एस्सी.ला एक शाखा निवडून तीत खोलवर जावे. रसायनशास्त्राच्या पदवीधराने विषशास्त्र, जीवशास्त्राच्या पदवीधराने डीएनए आणि संगणकाच्या पदवीधराने सायबर असा मेळ बसवला, तर मूळ पाया वाया जात नाही. अभ्यासासाठी ई-पीजी पाठशाळेवर न्यायसहायक विज्ञानाचे पदव्युत्तर पाठ मोफत उपलब्ध आहेत. अध्यापनात जायचे असल्यास यूजीसी-नेटमध्ये न्यायसहायक विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. फॅक्ट (फॉरेन्सिक ॲप्टिट्यूड अँड कॅलिबर टेस्ट) ही या क्षेत्रातील क्षमता तपासणारी परीक्षाही एम.एस्सी. करताना द्यावी.

महाराष्ट्रातील पदांमध्ये वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक आणि त्यावरील श्रेणी येतात. काही पदे संचालनालयाच्या जाहिरातीतून आणि काही लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. जाहिरात आल्यावर शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचावा. 'रसायनशास्त्र हा एक विषय' आणि 'रसायनशास्त्र हा मुख्य विषय' यांत फरक असतो, किमान श्रेणीची अट असते आणि अनुभव कोणत्या प्रकारच्या प्रयोगशाळेतील हवा, हेही लिहिलेले असते. मागील जाहिराती डाउनलोड करून पदवीच्या पहिल्याच वर्षी त्या वाचल्या, तर विषय निवडतानाच अर्हता जुळवून घेता येते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये न्यायसहायक सुविधांच्या विस्तारासाठी २,२५४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून तिचा कालावधी २०२८-२९ पर्यंत आहे. आज अकरावीत असलेला विद्यार्थी एम.एस्सी. होईपर्यंत पदांची स्थिती बदलू शकते, म्हणून अर्हतेच्या अटी आणि नव्या प्रयोगशाळांच्या घोषणा दरवर्षी पुन्हा पाहाव्यात आणि इंटर्नशिपची प्रमाणपत्रे, कामाचा कालावधी व हाताळलेल्या उपकरणांची नावे असलेली यादी तारखांसह अद्ययावत ठेवावी, कारण अर्जाची मुदत पुष्कळदा जेमतेम तीन आठवड्यांची असते.